वागळे इस्टेट ते ठाणे स्टेशन, पायी पायी

यंदा लग्नाच्या वाढदिवसाला बायको म्हणाली, "महाबळेश्वर राहू दे, ठाणंच पायी बघू." निघालो वागळे इस्टेटमधून. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तिची ही पहिली वसाहत. कितीतरी कारखान्यांच्या जागी आता आमच्यासारखे आयटीवाले!

तीन हात नाका, तलावपाळी करत कारागृहापाशी आलो. हाच तो ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे इथूनच निसटले. म्हणे, मोतद्दार गाण्यातून निरोप द्यायचा आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळायचं नाही :)

पुढे स्टेशन. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी इथेच आली.

किल्ला साष्टी राखायला, रेल्वे मुंबईच्या व्यापारासाठी. ठाणेकरांसाठी म्हणून काहीच नव्हतं, तरी शहर वाढलं ते याच आधारावर. आपण तर इथे फक्त झोपायला येतो. एकदा चालून बघाच.