जुना मोबाईल परत घेण्याचं काम मुळात कुणाचं होतं?

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे. पण घरात बंद पडलेला एक तरी मोबाईल असेल तर शेवटपर्यंत वाचा.

तुमचा चार्जर हातात घ्या. त्यावर चाकाची कचराकुंडी आणि तिच्यावर फुली, असं बारीक चित्र सापडेल. अर्थ सोपा आहे : ही वस्तू घंटागाडीत टाकू नका. मग टाकायची कुठं? या प्रश्नाचं उत्तर सरकारने तीनदा बदललं. तो इतिहास आपल्याला कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

वस्तू खराब झाल्यावरही तिची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीचीच, हा विचार १९९० मध्ये स्वीडनमधले अभ्यासक थॉमस लिंडक्विस्ट यांनी मांडला. आपल्याकडे तो आधी बॅटरीत आला. २००१ च्या नियमांनी ट्रॅक्टर-इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या परत घेणं कंपन्यांवर बंधनकारक केलं. आजही जुनी बॅटरी दिली की नवीच्या बिलातून पैसे कमी होतात. शिशाला भाव आहे म्हणून ते चाललं, हे खरं. पण माल दुकानातूनच माघारी जाऊ शकतो, हे आपल्या शेतकऱ्याला तेव्हापासून माहीत आहे.

टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाईलचं तसं झालं नाही. २००५ च्या सरकारी अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १ लाख ४६ हजार टन ई-कचरा निघत होता आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला होता. बहुतेक माल भंगारवाल्यांच्या साखळीतून कुर्ला, साकीनाका अशा ठिकाणी जायचा. तिथं हातोडीने फोडायचं, तांब्यासाठी वायर जाळायची, सोन्यासाठी सर्किट ॲसिडमध्ये बुडवायचं. नफा पुढच्या व्यापाऱ्याला, धूर मजुराच्या छातीत.

मग २०११ मध्ये ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम आले आणि १ मे २०१२ पासून, म्हणजे नेमके महाराष्ट्र दिनी, लागू झाले. कंपन्यांनी संकलन केंद्रं उघडावीत किंवा माल परत घेण्याची सोय करावी, असं त्यात होतं. किती माल गोळा करायचा, हा आकडाच नव्हता. २०१६ च्या नियमांनी आकडा आणला. २०१८ च्या दुरुस्तीत सुरुवात १० टक्क्यांपासून ठरली. कंपन्यांनी टोल फ्री नंबर आणि केंद्रांचे पत्ते जाहीर करायचे होते.

तिसरा बदल २०२२ चा, लागू १ एप्रिल २०२३ पासून. वस्तूंची यादी १०६ वर गेली, उद्दिष्ट थेट ६० टक्के झालं. ऐकायला भारी. पण कंपनीने स्वतः संकलन केंद्रं उघडावीत किंवा माल परत घेण्याची सोय करावी, ही अट गेली. आता नोंदणीकृत रिसायकलरने किती सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड काढलं, त्यावर त्याला प्रमाणपत्र मिळतं. ते कंपनीने विकत घेतलं की जबाबदारी पूर्ण. प्रामाणिक रिसायकलरला पैसा मिळावा, हा हेतू चांगलाच आहे. त्यासाठी सरकारने किलोला किमान २२ रुपये दर ठरवला, तर सॅमसंग, एलजीसारख्या कंपन्या २०२५ मध्ये त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या!

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. अकरा तालुके. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाकडेही मोबाईल आहे. तो बंद पडला की गल्लीत येणाऱ्या गाडीवाल्याला द्यायचा, बदल्यात प्लास्टिकची बादली घ्यायची. त्या गाडीवाल्याला दोष देऊ नका. दारापर्यंत येणारा तो एकटाच आहे. कंपनीचं काम तो करतो, पण प्रमाणपत्राच्या हिशेबात त्याचं नाव कुठंच नाही.

तरी दोन गोष्टी नियमात अजून आहेत. कुणाचाच वाली नसलेला ई-कचरा गोळा करून रिसायकलरकडे पाठवणं हे नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेचं काम आहे. आणि या धंद्यातल्या कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण, सुरक्षितता याकडे राज्य सरकारने बघायचं आहे.

म्हणून आपल्या नगरसेवकाला एवढंच विचारा : आपल्या गावात ई-कचरा कुठं जमा करायचा? पत्ता सांगा. तोवर वायर जाळू नका, फुगलेली बॅटरी फोडू नका.

तुमच्या तालुक्यात अशी सोय असेल तर कमेंटमध्ये लिहा, सगळ्यांच्या कामाला येईल. नसेल तर तेही लिहा.

#बीड #ईकचरा