दीड हजार तास

अमेरिकेत विमानकंपनीच्या प्रवासी विमानात को-पायलट म्हणून बसायचं, तर लॉगबुकात साधारण दीड हजार तास लागतात. भारतात दोनशे तासांवर कमर्शिअल लायसन्स मिळतं, त्यावर एअरबसचं नाहीतर एटीआरचं टाइप रेटिंग केलं की उजव्या खुर्चीचा दरवाजा उघडतो. मी ॲरिझोनात इन्स्ट्रक्टर होते तेव्हा पुण्या-नागपूरची मुलं माझ्याकडे शिकून लायसन्स घेऊन घरी जायची आणि काही महिन्यांनी त्यांचे एअरबसच्या कॉकपिटमधले फोटो यायचे. मी तिथेच असायचे, त्याच सेसना १७२ मध्ये, पुढची मुलं घेऊन. "मॅडम, तुम्ही आम्हाला शिकवलंत आणि तुम्हीच अजून मागे कशा?" असं एकाने मनापासून विचारलं होतं. आज मी एका प्रादेशिक विमानकंपनीत कॅप्टन आहे, आणि नव्याने लागलेली पोरं माझ्या शेजारी बसतात. त्यांना नियम पाठ असतो. तो आला कुठून, हे फार थोड्यांना माहीत असतं.

प्रादेशिक विमानकंपनी ही चीजच मुळात एका सोयीतून जन्मली. १९६७ साली अलेगेनी एअरलाइन्सला मेरीलँडमधलं हॅगर्सटाउन परवडेनासं झालं. तिथल्या रिचर्ड हेन्सन यांनी आपल्या छोट्या विमानांनी ती फेरी चालवायला घेतली, मात्र नाव अलेगेनीचंच ठेवून. प्रवाशाला तिकिटावर मोठ्या कंपनीचं नाव दिसायचं, विमान आणि वैमानिक दुसऱ्याचे. १९७८ मध्ये सरकारने विमानसेवेवरचं नियंत्रण उठवलं आणि ही पद्धत देशभर फोफावली. २००९ च्या सुमाराला अमेरिकेतल्या देशांतर्गत उड्डाणांपैकी जवळजवळ निम्मी या प्रादेशिक कंपन्या करत होत्या. मोठ्या कंपनीशी होणारा करार स्वस्तात स्वस्त बोली लावणाऱ्याला मिळायचा. इंधन आणि विमानं सगळ्यांनाच जवळपास सारख्या भावात पडतात, मग काटकसर करायची कुठे? पगारात. नव्या को-पायलटला कमर्शिअल लायसन्स आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग पुरे होतं, म्हणजे कायद्याने अडीचशे तास. कंपन्यांची स्वतःची भरतीची अट एरवी त्याहून वर असे, पण वैमानिक कमी पडले की त्या ती खाली आणत. २००७ मध्ये तर चारपाचशे तासांवरही मुलं जेटमध्ये बसली.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोलगन एअरचं ३४०७ क्रमांकाचं विमान न्यूअर्कहून बफलोला निघालं. तिकिटावर नाव कॉन्टिनेंटलचं होतं. बॉम्बार्डिअरचं क्यू-४००, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं. बफलोजवळ उतरणीला लागल्यावर चाकं खाली केली, प्रोपेलरचे फेरे वाढवले. या दोन्हींनी विमानाला ओढ बसते आणि वेग घटतो. वेग १८० नॉटच्या आसपास होता, तो अर्ध्या मिनिटाच्या आत १३१ वर आला, आणि दोघांपैकी एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं. तेवढ्यात स्टिक शेकर वाजला. म्हणजे वैमानिकाच्या हातातला कंट्रोल कॉलमच थडथडायला लागतो: वेग संपत आलाय, नाक खाली घाल. ऑटोपायलट सुटला. कॅप्टनने कॉलम पुढे ढकलायच्या ऐवजी मागे खेचला. नाक वर गेलं, ३१ अंशांपर्यंत. खरं तर शेकर वाजला त्या क्षणी विमान स्टॉल झालंच नव्हतं, म्हणजे पंखांची उचल अजून सुटली नव्हती. बर्फाच्या हवेसाठी असलेला एक स्विच चालू होता, त्यामुळे इशारा एरवीपेक्षा लवकर आला होता आणि हाताशी पुरेशी सवड होती. खेचल्यावर मात्र ते स्टॉल झालं. स्टिक पुशर नावाची यंत्रणा कॉलम आपणहून पुढे ढकलत होती, कॅप्टन तिच्याशीही झुंजत राहिला. कमी वेगात पंखांना उचल देणारे फ्लॅप को-पायलटने न सांगता आत घेतले. विमान क्लॅरेन्स सेंटर गावातल्या एका घरावर पडलं. आतले ४९ जण आणि घरातला एक माणूस, असे पन्नास जीव गेले. रवांडातल्या नरसंहाराचा इतिहास लिहिणाऱ्या ॲलिसन दे फोर्ज त्या विमानात होत्या.

चौकशीतून बरंच काही बाहेर आलं. कॅप्टन आधीच्या अनेक परीक्षांत नापास झाला होता आणि कंपनीला ते सगळं ठाऊक नव्हतं. को-पायलट राहायची सिएटलजवळ, ड्यूटी न्यूअर्कला. आदल्या रात्री ती मालवाहू विमानातून, मेम्फिसमार्गे, देश ओलांडून आली होती. तिचा वर्षाचा पगार सुनावणीत १६ हजार डॉलरांच्या घरात सांगितला गेला. तो त्याहून जास्त होता असा खुलासा कंपनीने नंतर केला, पण न्यूअर्कजवळ भाड्याने घर घेऊन राहता येईल इतका तो कुठल्याच हिशोबात नव्हता.

गेलेल्यांच्या घरच्यांनी वॉशिंग्टन सोडलं नाही. हे लोक विमानक्षेत्रातले नव्हते. त्यांनी नियमावल्या वाचल्या, सुनावण्यांना बसले, खासदारांच्या दारात पुनःपुन्हा उभे राहिले. त्यांच्याविषयी मला जो आदर आहे तो शब्दांत मावत नाही. आज रात्रीच्या उड्डाणानंतर मला जी कायद्याने विश्रांती मिळते, ती त्यांनी मिळवून दिली आहे. १ ऑगस्ट २०१० रोजी ओबामांनी त्यांच्या पाठपुराव्यातून आलेल्या कायद्यावर सही केली. प्रवासी विमानकंपनीच्या प्रत्येक वैमानिकाला, को-पायलटलासुद्धा, एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटचं लायसन्स हवं, असं त्यात ठरलं. ते आधी फक्त कॅप्टनला लागायचं. त्याची अट १५०० तास. २०१३ च्या उन्हाळ्यात ती लागू झाली. थोडी सूट आहे: लष्करातल्या वैमानिकाला ७५०, विमानशास्त्राची चार वर्षांची पदवी असलेल्याला १०००, दोन वर्षांची असेल तर १२५०.

आता जी गोष्ट मला वर्षानुवर्षं टोचते, ती सांगते. त्या रात्रीच्या कॅप्टनचे ३३०० हून जास्त तास झाले होते. को-पायलटचे २२०० हून जास्त. दोघंही नव्या नियमात आरामात बसले असते. चौकशी मंडळाने अपघाताच्या कारणांमध्ये कमी तासांचा उल्लेख केलेला नाही. आणि विमान पडायच्या काही मिनिटं आधीचं दोघांचं बोलणं व्हॉइस रेकॉर्डरवर आहे. काचेवर बर्फ धरताना दिसत होतं, त्यावरून विषय निघाला. ती सांगत होती की ती नोकरीला लागली तेव्हा तिचे सोळाशे तास होते, पण सगळे फिनिक्सचे, बर्फ असं तिने कधी पाहिलंच नव्हतं. चौकशीत बर्फ हे कारण ठरलं नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. पण तिचं ते वाक्य मी विसरू शकत नाही, कारण माझेही तास फिनिक्सचेच आहेत.

फिनिक्सचे तास कसे असतात ते सांगते. पहाटे पाचला विमानाभोवती फिरून तपासणी, कारण दहानंतर उन्हाने डांबर तापतं आणि सेसना चढेनाशी होते. मग सराव क्षेत्रात जाऊन तेच ते: संथ वेग, स्टॉल, तीव्र वळणं. विद्यार्थी नाक वर धरतो, हॉर्न चिरकायला लागतो, पंख थरथरतो, आणि मी म्हणते, सोड, पुढे सोड. घाबरलेल्या माणसाचा हात मागेच ओढतो. शंभरदा सांगितलं तरी पहिल्यांदा ओढतोच. हे बघण्यातून मी जे शिकले ते कुठल्याही पुस्तकाने दिलं नसतं, म्हणून इन्स्ट्रक्टरच्या तासांना कुणी फुकटचे म्हणालं तर मी भांडते. पण आकाश मात्र बारा महिने निळं. नियमाने ७५ तास इन्स्ट्रुमेंटचे लागतात. ते डोळ्यांवर झापड लावून, खाली फक्त घड्याळं दिसतील असे, लख्ख उन्हातही भरता येतात. १०० तास रात्रीचे, ५०० क्रॉस कंट्री, ५० दोन इंजिनांच्या विमानाचे. ढगात शिरल्याचे किती, बर्फातले किती, दुसऱ्या वैमानिकासोबत काम केलेले किती, हे नियम विचारत नाही.

अपघाताला थेट भिडणारी दुरुस्ती वेगळीच होती आणि तिचा बोलबाला झाला नाही. त्या काळी सिम्युलेटरमध्ये स्टॉलचा इशारा आला की उंची न गमावता सावरायला शिकवत, म्हणजे नाक फार खाली घालू नका, पॉवर द्या. गुण त्यालाच. पुशर कसा ढकलतो हे तर त्या कंपनीच्या प्रशिक्षणात दाखवलंच जात नव्हतं. नोव्हेंबर २०१३ च्या नियमाने हे उलटं केलं: पूर्ण स्टॉल सिम्युलेटरमध्ये करून घ्यायचा, नाक आधी खाली, उंचीचं नंतर बघू. त्यासाठी सिम्युलेटर सुधारावे लागले आणि अंमलबजावणीला २०१९ उजाडलं.

परीक्षांच्या नोंदींचं तर आणखी रखडलं. १९९४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला एक छोटं प्रवासी विमान पडलं, १५ जण गेले. त्याच्या कॅप्टनची आधीच्या कंपनीतली कामगिरी नव्या कंपनीने विचारलीच नव्हती. म्हणून १९९६ चा नोंदींचा कायदा आला. तरी २००९ मध्ये तेच. म्हणून २०१० च्या कायद्यात सगळ्या नोंदी एका जागी ठेवायचं कलम घातलं. त्याचा नियम निघाला २०२१ मध्ये. मध्ये २०१९ साली टेक्ससमध्ये ॲटलस एअरचं मालवाहू ७६७ कोसळलं, तिघे गेले. को-पायलटचे पाच हजारांवर तास होते आणि प्रशिक्षणात वारंवार अपयश आल्याचा इतिहास त्याने लपवला होता. तासांची अट तीन वर्षांत आली, नोंदींना अकरा लागली. आकडा मोजायला सोपा असतो, म्हणून तो आधी येतो, एवढंच कारण मला दिसतं.

मग या आकड्याने काही केलंच नाही का? केलं, पण वेगळ्या वाटेने. अडीचशे तासांची मुलं दारात रांग लावून उभी राहायची थांबली, आणि कंपन्यांना पगार वाढवावे लागले. जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या दोन प्रादेशिक कंपन्यांनी पहिल्या वर्षीच्या को-पायलटचा दर, तात्पुरती वाढ धरून, तासाला ९० डॉलरवर नेला. माझ्या शेजारी बसणारी मुलगी आज ड्यूटीच्या शहरात खोली घेऊन नीट झोपून येते. याची किंमत छोट्या गावांनी मोजली. वायोमिंगमधल्या ग्रेट लेक्स एअरलाइन्सने एकोणीस आसनी विमानांतली दहा आसनं काढून टाकली, कारण नऊ आसनांच्या विमानाला हा नियम लागत नाही. २०१८ मध्ये तिने नेहमीची उड्डाणं बंद केली. दूरच्या गावातल्या रुग्णाला आता शहराच्या डॉक्टरकडे जायला चार-पाच तास गाडी हाकावी लागते, हे नुकसान खरं आहे.

रिपब्लिक एअरवेज या प्रादेशिक कंपनीने २०२२ मध्ये आपल्या प्रशिक्षणातून आलेल्यांना ७५० तासांवर घेऊ द्या अशी मागणी केली, ती फेटाळली गेली. विमानवाहतुकीच्या २०२४ च्या कायद्यानेही आकड्याला हात लावला नाही. मीही लावू नये म्हणते. पगार एकदा खाली गेला की पुन्हा वर यायला पन्नास माणसं मरावी लागतात, हे आमच्या धंद्याने पाहिलंय. पण दीड हजारांच्या पोटात काय असावं ते बदला. खऱ्या ढगातले तास झापडीच्या तासांपासून वेगळे मोजा आणि त्यांची किमान संख्या ठरवा. हिवाळ्यात उत्तरेकडे पंधरवडाभर उडायला पाठवा, खर्च भरती करणाऱ्या कंपनीने द्यावा. इन्स्ट्रक्टरला ढगात विद्यार्थी घेऊन जायला मज्जाव करणाऱ्या शाळांना त्याचा जाब विचारा. सध्या हे काम कायद्याबाहेर, डाव्या खुर्चीतले आम्ही लोक आपापल्या परीने करतो. डिसेंबरात नवा को-पायलट आला की पहिल्या दिवशी मी त्याला बर्फ पाहिलंय का ते विचारते, आणि नाही म्हणाला तर त्या दिवशीचा एक लेग त्याला उडवायला देते आणि स्वतः वेगाच्या काट्यावर नजर ठेवते.