चोर सोडून संन्याशाला सुळी

पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणायचे आणि पेठांमधल्या डीटीपीवाल्यांची मशिनं दुरुस्त करायची, हा माझा धंदा. विंडोज एक्सपीच्या दिवसांत एक तक्रार हमखास यायची: अँटिव्हायरस टाकला आणि मराठी टायपिंग गेलं. टायपिंगचं सॉफ्टवेअर कळफलकावरची कळ मधेच अडवून तिच्या जागी देवनागरी अक्षर ठेवतं. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही कळा तशाच अडवतो. अँटिव्हायरस लक्षणं बघतो, हेतू त्याला कुठून कळणार? "काढूनच टाका हो तो," गिऱ्हाईक म्हणायचं. मी आधी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सीडी कुठली ते विचारायचो. क्रॅक केलेली कॉपी असली, तर संन्यासी पुष्कळदा चोरच निघायचा.

मोठमोठ्या अँटिव्हायरस कंपन्यांनी मात्र अस्सल संन्यासी सुळावर चढवलेत. मार्च २००६ मध्ये मॅकॅफीने एक्सेललाच व्हायरस ठरवलं. पुढच्या वर्षी सिमँटेकने चिनी विंडोज एक्सपीच्या दोन सिस्टिम फायली उचलल्या, मशिनं सुरूच होईनात.

यावर कडी झाली २१ एप्रिल २०१० ला. मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधली एसव्हीसीहोस्ट ही फाइल पकडली. विंडोजच्या कितीतरी सेवा तिच्यातूनच चालतात. मशिनं पुन्हापुन्हा रीस्टार्ट होऊ लागली, नेटवर्क गेलं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये काही रुग्णालयांनी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. कंपनीने दुरुस्ती काढली खरी, पण ती येणार नेटवर्कवरून, आणि तेच बंद! मग माणसं टेबलाटेबलाशी जाऊन ती फाइल हाताने जागेवर ठेवत बसली. बातमी वाचून मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

सप्टेंबर २०१२ मध्ये सोफोसने तर स्वतःचाच अपडेटर पकडला.

म्हणूनच 'डिलीट'चा पर्याय मी कुठल्याच मशिनवर ठेवत नाही, 'क्वारंटाइन' ठेवतो. संशयित फाइलीची डिजिटल सही बघतो, मग ती स्पेनमधल्या मालागात २००४ साली सुरू झालेल्या व्हायरसटोटल या संकेतस्थळावर टाकतो. तिथल्या डझनावारी अँटिव्हायरस इंजिनांपैकी एखाद-दुसऱ्यानेच बोट दाखवलं, तर नमुना कंपनीच्या लॅबला जातो. उत्तर निर्दोष आलं तरच तपासणीतून सूट, तीही त्या एकाच फाइलीला. अख्ख्या डी ड्राइव्हला सूट देऊन मोकळे होणारे तंत्रज्ञ गल्लीत आजही आहेत. त्यांची गिऱ्हाइकं वर्षा-दोन वर्षांत माझ्याकडे येतात.