फाउस्तो कोप्पी : घाट जिंकले, तापाने हरवले

खाटकाच्या दुकानातले मांस सायकलवरून घरोघर पोचवणारा एक काटकुळा पोरगा पुढे साऱ्या इटलीचा लाडका झाला. फाउस्तो कोप्पी त्याचे नाव. जन्म १९१९ चा, कास्तेलानिया या डोंगराळ खेड्यातला.

१९४० साली, विसाव्या वर्षीच त्याने इटलीची 'जिरो' शर्यत जिंकली. १९४२ मध्ये, ऐन युद्धात, मिलानच्या व्हिगोरेल्ली ट्रॅकवर तासाभरात ४५ किलोमीटरांहून अधिक अंतर कापले. हा विक्रम १४ वर्षे टिकला. पण पुढच्याच वर्षी सैनिक कोप्पी आफ्रिकेत ब्रिटिशांच्या कैदेत पडला. उमेदीची वर्षे युद्धाने खाल्ली. तरी परतल्यावर १९४७ आणि १९४९ मध्ये तो ट्रॅकवर जगज्जेता ठरला. १९४९ मध्येच 'जिरो' आणि 'तूर द फ्रान्स' एकाच वर्षी जिंकणारा पहिला वीरही झाला. १९५२ मध्ये त्याने हे पुन्हा करून दाखवले.

डिसेंबर १९५९ मध्ये तो अप्पर व्होल्टाला, म्हणजे आजच्या बुर्किना फासोला, गेला. परतल्यावर त्याला ताप भरला, सोबती जेमिनियानीलाही. फ्रान्समध्ये जेमिनियानीचा हिवताप ओळखला गेला, तो वाचला. इटलीत कोप्पीचा ओळखलाच गेला नाही. २ जानेवारी १९६० रोजी, चाळिशीतच, तो गेला.

थंडी वाजून ताप आला की आपल्याकडे घरची आजीसुद्धा हिवतापाची शंका घेते. आल्प्सचे घाट लीलया चढणाऱ्या कोप्पीच्या उशाशी तेवढी शंका घेणारे कुणी नव्हते.