फेरफारातली लेक

इंग्लंडमधील खेड्यांच्या चर्चमध्ये 1538 पासून एक वही ठेवली जाऊ लागली. टॉमस क्रॉमवेलच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद करणे बंधनकारक झाले. पुष्कळ वह्या हरवल्या. परंतु तत्त्वतः तेथे शेतमजुराचे चार दिवसांचे मूलही जमीनदाराच्या शेजारी, त्याच पानावर येई. तिकडील कुलवृत्त-संशोधनाचा सारा डोलारा या वहीवर उभा आहे.

आता हेच काम वाटूरमध्ये करायचे म्हटले तर? जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्याचे हे गाव. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला, तोपर्यंत परतूर तालुका परभणीत होता; 1956 पर्यंत हा सारा प्रदेश हैदराबाद राज्यात. त्यामुळे शोध परतूरहून परभणीला आणि तेथून हैदराबादपर्यंत जातो. जुने कागद मोडीत किंवा उर्दूत. सन फसली, त्यात साधारण 590 मिळवले की इसवी सन हाती लागतो. हे सारे शिकता येते. मोडीचे वर्ग आहेत, उर्दू वाचणारी वडीलधारी मंडळी अजून भेटतात. खरी अडचण लिपीची नाही.

अडचण अशी, की हे दप्तर माणसाला ओळखत नाही. ते जमिनीला ओळखते. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, 1950 च्या कुळकायद्यानुसार झालेल्या संरक्षित कुळांच्या नोंदी, हक्कनोंदीतील फेरफार, या सर्वांत माणूस येतो तो शेताच्या मागून. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात ‘कुणबी’ हा शब्द शोधण्यासाठी दप्तरांची बासने सुटली. ज्या आंदोलनातून हे घडले त्याचे केंद्र अंतरवाली सराटी याच जिल्ह्यातले. घरोघरी पणजोबांच्या नावाचा शोध सुरू झाला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर कुलवृत्त-संशोधन महाराष्ट्राने क्वचितच पाहिले असेल. 2 सप्टेंबर 2025 च्या शासननिर्णयात हैदराबाद गॅझेटियरचा आधार आला. गॅझेटियर मात्र माणसे मोजते, नावे सांगत नाही. कोणत्या जिल्ह्यात कोणत्या जातीचे किती लोक, एवढे त्यातून कळते. आपला पणजा त्या आकड्यात होता की नव्हता, हे त्याला विचारता येत नाही.

आणि पणजी? वंशावळ काढून देणारा बहुधा पुरुषांचीच शाखा रेखाटतो. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतही यजमान, बंधू, पुत्र हा क्रम ठळक. त्यातून लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली चाल. माहेरच्या कागदावरची आणि सासरच्या कागदावरची स्त्री एकच, हे सिद्ध करायलाही पुष्कळदा साक्षीदार लागतो.

तरीही एका जागी ती सापडते, आणि आम्हांला ही जागा फार बोलकी वाटते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वडिलांची वारस ठरली. वडील वारले की वारसाच्या फेरफारात मुलांबरोबर मुलींची नावे चढतात, नवऱ्याच्या नावासह, कित्येकदा सासरच्या गावासह. त्यानंतर अनेक घरांत आणखी एक फेरफार येतो: हक्कसोडपत्र. भावांच्या लाभात बहिणींनी हिस्सा सोडला, सबब नावे कमी केली. म्हणजे लेक दप्तरात येते ती बहुधा तेथून निघून जाण्यासाठी. संशोधकाने हे फेरफार टाळू नयेत. वाटूरच्या लेकी कोणत्या गावी नांदल्या, हे सांगणारा लेखी पुरावा यांखेरीज फारसा मिळत नाही.

ज्यांच्याकडे शेतच नव्हते, त्यांना हाही दरवाजा नाही. इनामाच्या कागदांत काही वतनदार भेटतात, बाकीचे नाहीत. येथे जालन्याच्याच परिसरातील एक अपवाद आठवतो. 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. सालारजंगांनी तिला जमीन दिली. तेथे आलेल्यांत मातंग समाजातील कुटुंबे होती. धर्मांतराविषयी कोणाचे काहीही मत असो, ज्या मुलाच्या नावावर सर्व्हे नंबर असण्याची शक्यता नव्हती, त्याचे नाव लिहून घेण्याची रीत या चर्चच्या परंपरेत होती. क्रॉमवेलची वही अशी फिरत फिरत मराठवाड्यात पोचली.

आम्ही साहित्य शिकवणारे. म्हणून आणखी एका दप्तराकडे बोट दाखवतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक आहेत. ओवीत भावाचे नाव असते, भाच्याचे असते, माहेरच्या वाटेवरचे गाव असते. तारीख नसते. तलाठी कार्यालयात ती पुरावा म्हणून चालणार नाही. पण वाटूरच्या एखाद्या आजीला दळताना म्हटलेली ओवी अजून आठवत असेल, तर हक्कसोडपत्रातल्या नावाशेजारी ती लिहून ठेवायला हवी. आणि हे काम परभणीच्या खेपेआधी करावे, कारण कागद थांबतील.