काशाची वाटी तळपायापर्यंत कशी आली

झोपण्यापूर्वी तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून काशाच्या वाटीने घासायची रीत मराठी घरांत इतकी मुरलेली आहे की तिचे वय सहसा कोणी विचारत नाही. अलीकडे मात्र वाट्या आणि मशिने विकणारे तिला बिनदिक्कत ‘पाच हजार वर्षांची आयुर्वेदिक चिकित्सा’ म्हणू लागले आहेत. ही कुळकथा मला मान्य नाही. तळपाय तेलाने चोळणे फार जुने आहे आणि कासेही फार जुने आहे. पण या दोहोंची गाठ वैद्याच्या ग्रंथात पडलेली दिसत नाही. ती घरात पडली असावी, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

आधी ग्रंथ पाहू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायात पादाभ्यंगाचे गुण नीट सांगितले आहेत: पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा आणि बधिरपणा जातो, पायांना बळ येते, दृष्टी निवळते. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करायला सांगून डोके, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष द्यायला सांगितले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त तर पादाभ्यंग राजाच्या उपभोगांत मोजला आहे. म्हणजे पाय चोळून घेण्याचे सुख वैद्यालाही ठाऊक होते आणि दरबारालाही. पण चरक आणि वाग्भट पादाभ्यंग सांगतात तेव्हा बोलतात ते स्नेहाबद्दल, वाटीबद्दल नव्हे. यावर कोणी म्हणेल की ग्रंथात नाही म्हणून रीत नव्हतीच असे होत नाही. बरोबर आहे, नुसत्या मौनावरून निकाल देता येत नाही. परंतु हे ग्रंथकार भांड्यांच्या बाबतीत कमालीचे काटेकोर आहेत. काशाच्या भांड्यात दहा दिवस राहिलेले तूप खाऊ नये, इतका बारीक इशारा वाग्भट देतो. तूप आणि कासे यांच्या सहवासाचा असा विचार करणारा माणूस काशाने पाय घासणे ही चिकित्सा मानत असता, तर ती सांगायची विसरला नसता.

आता धातूकडे वळू. चांगल्या काशात ढोबळमानाने 78 टक्के तांबे आणि 22 टक्के कथील असते. इतके कथील घातलेला धातू थंड असताना ठोकला तर तडकतो. तो लालबुंद तापवून ठोकावा लागतो आणि मग पाण्यात विझवावा लागतो, तेव्हा त्याची पातळ पण कणखर वाटी बनते. हे अवघड कौशल्य भारतात लोहयुगापासून आहे. निलगिरीतल्या आणि आदिचनल्लूरच्या दफनांत, तसेच तक्षशिलेतही अशी भांडी सापडली आहेत. ती भांडी होती, मालिशची साधने नव्हेत. कथील आपल्याकडे दुर्मीळ, त्यामुळे कासे महाग, आणि पितळेसारखी कल्हई लागत नसल्याने ते जेवणाच्या ताटवाटीला मानाचे ठरले. वाटी पायाशी गेली ती याच मार्गाने, असे मला वाटते. तिचा तळ गोल आणि गुळगुळीत, तळव्याच्या खोलगट भागात अचूक बसणारा. कड मुठीत मावणारी. धातू कठीण, त्यामुळे पोचे पडून खरचटण्याची भीती कमी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती अंगठ्याचे श्रम वाचवते. घरात पाय चोळणारे हात बहुधा सुनेचे, नाही तर नातवंडाचे, दिवसभर राबलेले किंवा अजून बळ न आलेले. बोटांनी दहा मिनिटे दाब देणे कष्टाचे आहे, वाटीने तेच काम मनगटाच्या सहज फिरण्याने होते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टीलने कासे पंगतीतून उठवले, तरी अनेक घरांत एखादी वाटी मागे राहिली ती या उपयोगासाठीच.

सगळ्यात मोठा आक्षेप पायावर दिसतो. वाटी फिरवता फिरवता तळवा काळा-राखाडी होतो आणि ‘अंगातली उष्णता निघाली’ असे म्हणतात. मशिनवाले त्याला विषद्रव्य म्हणतात. तो रंग अंगातला नाही, वाटीचा आहे. तेलातुपातली आम्ले आणि घामातले क्षार तांब्याशी अभिक्रिया करतात, घर्षणाने धातूचे सूक्ष्म कण सुटतात आणि ते स्नेहात मिसळून काळे दिसतात. पितळी समई घासताना फडके काळे होते, आणि समईला ताप आलेला नसतो. तीच काशाची वाटी तेल लावलेल्या जाड कापडावर घासून पाहावी, म्हणजे खात्री पटेल. वाग्भटाच्या तुपाबद्दलच्या इशाऱ्यामागेही स्निग्ध पदार्थ काशात बिघडतो हा अनुभव असावा. काळेपणावरून आजार मोजणे आणि त्याचे पैसे घेणे ही मला लोकांची सरळ फसवणूक वाटते.

मग पाय हलके का वाटतात आणि झोप का लागते? संथ, एकसारखा दाब, स्निग्धपणा, माणसाचा स्पर्श आणि निवांत पडून राहण्याची सवड ही कारणे पुरेशी आहेत. त्यासाठी विषद्रव्याची कथा लागत नाही. तळव्याला वाटी टाचेकडून बोटांकडे गोल फिरवावी, बोटांच्या बेचक्या मात्र हातानेच चोळाव्यात. हाताच्या पंजालाही हेच लागू: मध्यभागी वाटी, बोटांना आणि अंगठ्याच्या मुळाशी आपला अंगठा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील, जखम किंवा भेगा असतील, पिंढरीला एकाएकी सूज आली असेल, तर वाटी बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. आणि चोळून झाल्यावर तळवे नीट पुसल्याशिवाय चोळून घेणाऱ्याला उठू देऊ नये, फरशीवर पाय घसरतो.