झोप आणणारा आवाज

रात्री दोनला जाग आली की पुन्हा झोप लागावी म्हणून मी मोबाईलवर उर्दू दास्तान लावतो, अगदी बारीक आवाजात. हा शौक जुनाच. अकबर बादशहाला अमीर हम्जाची दास्तान इतकी प्रिय की तिची भव्य चित्रे त्याने काढून घेतली. पुढे लखनौ, रामपूरच्या नवाबांनी दास्तानगो पदरी ठेवले. छापखाना आला, सिनेमा आला, ऐकणारे पांगले. दिल्लीचे शेवटचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले. उतारवयात त्यांना सुपारी विकून गुजराण करावी लागली.

मी झोपतो, मोबाईल बोलतच राहतो. पूर्वी आपल्यासाठी एक माणूस जागत असे. उद्या वर्गात मुलांना त्याचे नाव सांगणार आहे.